अढीतली द्राक्षे

लांज्यापासून अकरा किलोमीटरवरच्या आमच्या गावात गेल्या मार्च महिन्यात द्राक्षे गवताच्या अढीत पिकली. एका रात्रीत त्यांची गोडी वाढली, थेट वाईन करण्याएवढी झाली, आणि हे सगळे आप्पांमुळे झाले.

आता हे विसरा. असे काही घडलेलेच नाही असे समजून आपण सुरुवात करू.

मित्रांनो, मी एक जुना रिफ्रॅक्टोमीटर आहे. नाव लांबलचक असले तरी मी स्वतः वीतभर आहे. एक नळी, तिच्या एका टोकाला काच, काचेवर झाकण आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. काचेवर द्राक्षाच्या रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचे, मला उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून आत बघायचे. आत वर निळे आणि खाली पांढरे दिसते. जिथे निळे संपते तिथला आकडा म्हणजे रसातली साखर. बस्स. मी ती साखर वाढवू शकत नाही, कमी करू शकत नाही, फक्त सांगू शकतो. असे काम करणाऱ्याला मित्र कमी असतात, म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणताना मला थोडे संकोचल्यासारखे होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला शुद्ध पाण्याचा थेंब पाजून शून्य शिकवले गेले. मग मला काळ्या डबीत ठेवले, सोबत मऊ फडके, एक छोटा पेचकस आणि एक कागद दिला. त्या कागदावर माझ्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट छापली होती. मी वीस अंश तापमानासाठी बनलेलो आहे. हवा त्याहून गरम झाली की मी साखर कमी दाखवतो. हवा तीस अंश असेल तर मी सांगेन त्यात पाऊण मिळवा, छत्तीस असेल तर सव्वा मिळवा, असा तक्ता त्यावर होता.

मला दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराने विकत घेतले. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांनी पहिल्याच आठवड्यात त्या कागदाच्या मागे औषधांच्या दुकानाचा फोन नंबर लिहिला आणि कागद त्याच दुकानात विसरून आले. तेव्हापासून मी चिंतेत आहे.

पण बाबांच्या हाती माझे बरे चालले. ते सकाळी आठलाच मला बाहेर काढत, थंडी मोडल्यावर आणि ऊन चढायच्या आत. का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. रस बघून ते काच धुवत, फडक्याने टिपत आणि मला शर्टाच्या खिशात ठेवत. वाईनच्या कारखान्यातून माणसे येत, बाबांच्या आकड्यावर मान डोलवत आणि म्हणत, “तुम्ही सांगितलं म्हणजे झालं.” ते मलाच म्हणत असे मी धरून चालत असे.

मग डिजिटल यंत्र आले. ते बटण दाबले की आकडा दाखवी, आणि तापमानाची वजाबाकी-बेरीज पोटातल्या पोटात उरके. मला खणात ठेवण्यात आले. त्या खणात एक फुटका चष्मा, दोन संपलेल्या बॅटऱ्या आणि कुणाच्या तरी लग्नाचा बिल्ला होता. चार वर्षे आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

पाचव्या वर्षी, द्राक्षे तोडायला आठवडा राहिला असताना, दिंडोरीत अठरा मिनिटे गारा पडल्या. एकोणीस नाही, अठराच. बाबांनी घड्याळ लावून मोजली, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. नंतर ते म्हणाले, “आभाळाशी भांडायला आता माझे गुडघे राहिले नाहीत.” त्यांनी जमीन विकली आणि ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी बागेतल्या साठ काड्या छाटल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मुलीला दिल्या. डिजिटल यंत्र त्यांनी जमिनीबरोबर देऊन टाकले होते. म्हणून मुलीला मी मिळालो.

त्या मुलीचे नाव राजश्री. तिला लांजा तालुक्यात दिले होते. ती त्या साठ काड्या मांडीवर घेऊन एसटीने नाशिकहून निघाली. कंडक्टरने विचारले, “काय नेताय?” ती म्हणाली, “माहेर.” त्याने अर्धे तिकीट फाडावे की नाही यावर बराच विचार केला.

आता मित्रांनो, रत्नागिरी जिल्ह्यात द्राक्ष लावणे म्हणजे काय, ते ऐका. इथे जमीन म्हणजे जांभा दगड. खड्डा खणायचा म्हणजे पहारीने दगड फोडायचा आणि त्यात दुसरीकडची माती आणून भरायची. पाऊस इतका की वेलीला पोहता यायला हवे. दमट हवेत पानांवर बुरशी येते. रात्री गरम असल्या की द्राक्षातला आंबटपणा पळून जातो, आणि आंबटपणा नसेल तर वाईन नुसती गोडमिट्ट, मिळमिळीत होते. साठ काड्यांतल्या एकेचाळीस जगल्या. त्या का जगल्या हे कृषी विषयातल्या कोणालाही सांगता येणार नाही. मला वाटते, त्यांना परत जायला जागा नव्हती.

घरात राजश्रीचे सासरे, आप्पा. नवरा स्वरूप मुंबईत नोकरीला, शनिवारी फोनवर. आप्पांची हापूसची बाग आहे आणि हापूसपलीकडे ज्या फळाला काही म्हणायचे असेल त्याने ते बाहेर उभे राहून म्हणावे, असा त्यांचा नियम आहे. वाईनची द्राक्षे बारीक, काळी आणि बियांनी भरलेली असतात. आप्पांनी पहिले द्राक्ष खाल्ले, चार बिया तळहातावर काढून मोजल्या आणि म्हणाले, “हे फळ हाय की खुळखुळा?”

माझ्यात त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते उलट्या बाजूने. म्हणाले, “आत काळोख हाय.” दुसऱ्यांदा सरळ पाहिले आणि मग त्यांना नादच लागला. त्यांनी माझ्यावर चहा टाकला, उसाचा रस टाकला, कोकम सरबत टाकले. एकदा सोलकढी टाकली. त्या दिवशी मला दोन तास काही दिसत नव्हते. शेजारच्या गोदूबाईंनी माझ्यात डोकावून विचारले, “आप्पानु, ह्याच्यात मुंबई दिसता काय?”

“साखर दिसते,” आप्पा म्हणाले.

“मग माझा रगत घाला. डाक्टरकडचा फेरा वाचेल.”

तिसऱ्या वर्षी वेलींना पहिल्यांदा भरपूर घड लागले आणि माझ्या चिंतेला खरे काम मिळाले. लांज्याच्या बाहेर नम्रताताईंचा जांभळाची वाईन करायचा छोटा कारखाना आहे. त्या येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, “राजश्री, घेते मी. पण साखर बावीस पाहिजे. त्याच्या खाली वाईन पातळ होते, टिकत नाही. वरून साखर घालूनच करायची तर माझी जांभळं काय वाईट आहेत?”

आप्पांनी हे ऐकले आणि पडवीतूनच निकाल दिला. “बावीस आला तर ठेव तुझी द्राक्षं. नाय आला तर पाडव्याला वेलींचा मांडव उतरवायचा. पावसाळ्यात तिथे काजू लावतो.”

त्या एकेचाळीस वेली सोडल्या तर बाबांच्या बागेतले जगात काहीच उरलेले नव्हते. दिंडोरीला त्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे, त्याच्या पार्किंगसह.

सकाळी राजश्री लांज्याला काजूच्या कारखान्यात कामाला जाई. साडेबाराला सुटे, स्कूटरने एकला घरी येई आणि हेल्मेट न काढता आधी मांडवात शिरे. म्हणजे माझी वेळ ठरली दुपारी एकची. मार्चमधली दुपारी एकची. तेव्हा बाहेर छत्तीस अंश. ती मला तापलेल्या हातात धरून तापलेल्या रसाचा थेंब टाकी आणि हेल्मेटच्या काचेमागून एक डोळा लावी. मी ओरडून सांगत होतो, सव्वा मिळव, बाई, सव्वा मिळव. पण माझ्याकडे तोंड नाही. कारखान्यात ते कुणाला सुचले नव्हते.

एक तारखेला सतरा. पाच तारखेला साडेअठरा. मग तीन दिवस मळभ आले. मळभ म्हणजे आभाळ भरते, पडत नाही आणि जातही नाही, पाहुण्यासारखे नुसते बसून राहते. ऊन नसले की पान साखर करत नाही. तीन दिवस मी साडेअठराच सांगितले. तिसऱ्या दिवशी राजश्रीने मला झटकून बघितले. गोदूबाई मांडवाबाहेरून म्हणाल्या, “झटकून वाढत असता तर माझी पेन्शन वाढली असती गो.”

नऊ तारखेपासून पुन्हा ऊन पडले. एकोणीस. साडेएकोणीस. वीस. बुधवारी, तेरा तारखेला, दुपारी एकला मी सांगितले, वीस पूर्णांक आठ. त्याच दुपारी मोबाइलवर सूचना आली. गुरुवारी विजांसह पाऊस.

मित्रांनो, पिकत आलेल्या द्राक्षावर पाऊस पडला की काय होते ते सांगतो. वेल मुळांनी पाणी ओढते आणि घडात भरते. द्राक्ष टम्म फुगते. साखर तेवढीच, पाणी जास्त, म्हणजे आकडा खाली. मग साल तडकते, तडकलेल्या जागी मुंग्या, माश्या, बुरशी. तीन महिन्यांची मेहनत एका दुपारी. मला हे दिंडोरीपासून माहीत आहे, म्हणून त्या बुधवारी माझ्यातली रेघ थरथरत होती. राजश्रीने काच पुसून पुन्हा बघितले.

पडवीत पंचायत बसली. पंचायत म्हणजे राजश्री आणि आप्पा. गोदूबाई प्रेक्षक.

“पाऊस हुकला तर शनिवारी बावीस होईल,” राजश्री म्हणाली. “पाऊस आला तर सगळं गेलं. आज तोडली तर बावीस नाही. नम्रताताई घेणार नाहीत.”

“बाविसाला वीस आणि आठ,” आप्पांनी बोटांवर हिशोब केला. “म्हणजे पंधरा आणे झाला.”

“पंधरा आणे चालत नाही, आप्पा.”

“हापूस झाडावर पिकवतो काय गो आपण? चौदा आणे झाला की उतरवायचा. उरलेले दोन आणे अढीत. तुझा तर एकच आणा राहिलाय.”

अढी म्हणजे काय ते कोकणात सांगावे लागत नाही, तुमच्यातल्या बाहेरच्यांसाठी सांगतो. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर कच्चे आंबे, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत आंबा आतल्या आत पिकतो. पण द्राक्षाचे तसे नाही. द्राक्ष वेलीवरून तुटले की त्याची गोडी तिथेच थांबते. त्याला अढीत घाला, कपाटात घाला, देवासमोर ठेवा, ते पिकत नाही.

“द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, आप्पा. बाबा सांगायचे.”

“तुझ्या बाबांकडे अढी होती?”

“नव्हती.”

“मग?”

राजश्री उठून आत गेली.

गुरुवारी सकाळी ती कामावर गेली. येताना तिने नम्रताताईंकडून रिकामे क्रेट आणायचे ठरवले होते, न जाणो पाऊस हुकलाच तर. ती वळणाआड जाताच आप्पांनी आभाळाकडे पाहिले. दक्षिणेकडून काळे येत होते. त्यांनी गोदूबाईंना हाक मारली, दोन गडी बोलावले आणि दहा वाजेपर्यंत एकेचाळीस वेली रिकाम्या केल्या. मी पडवीच्या खिळ्याला टांगलेलो होतो आणि सगळे बघत होतो. एक गोष्ट मान्य करायला हवी. आप्पांनी एकही घड आपटला नाही. हापूस उतरवणारा माणूस फळ खाली ठेवत नाही, झोपवतो. माजघरात पेंढा पसरून त्यांनी एकेक घड झोपवला, मधे बोटभर जागा सोडली, आणि वर पेंढा पांघरला.

एक वाजता राजश्री मांडवात शिरली. मग बाहेर आली. मग पुन्हा आत शिरली, जणू पहिल्यांदा चुकीच्या मांडवात गेली होती.

“आप्पा!”

“अढीत हायत,” आप्पा म्हणाले. “हळू बोल, पिकतायत.”

हेल्मेट काढायचे तिला तेव्हाही सुचले नाही. ती पायरीवर बसली आणि हेल्मेटच्या आत रडली. काच आतून धुरकट झाली. गोदूबाई पाणी घेऊन आल्या, पण ते द्यावे कुठून ते त्यांना कळेना.

“एक दिवस थांबला असतात तर,” राजश्री म्हणाली.

“थांबलो असतो गो. आभाळ थांबत नव्हता.”

तीन वाजता पाऊस आला. पत्र्यावर असा आला की बोलणे बंद झाले. तीन तास पडला. रिकामा मांडव भिजत राहिला आणि ती पडवीतून त्याच्याकडे बघत राहिली. आप्पा माजघराच्या दारात बसले होते, अढीकडे पाठ करून, म्हणजे पाऊस आत आलाच तर आधी त्यांना भेटावा.

शुक्रवारी राजश्रीने रजा टाकली. सकाळी साडेसहाला ती उठून माजघरात आली. पावसाने हवा धुऊन गार केली होती. कितीतरी महिन्यांनी, मित्रांनो, माझ्या अंगाला वीस-एकवीस अंश लागले. मला कारखान्याची आठवण आली. तिने पेंढा बाजूला केला, पाच घडांतून एकेक द्राक्ष घेऊन चुरडले, थेंब टाकला आणि दाराच्या उजेडाकडे मला धरले.

बावीस.

तिने काच धुतली. दुसरा थेंब. बावीस. तिसरा. बावीस, वर चिमूटभर.

आप्पा मागेच उभे होते. “किती?”

“बावीस,” ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, संशय होता.

आप्पांनी मला घेतले, आत पाहिले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “एक आणा. रात्रीत भरला.” मग ते बाहेर गेले आणि पाच मिनिटांत अर्ध्या वाडीला ते माहीत झाले.

मी काय सांगू! ती द्राक्षे बुधवारीच बावीस होती. दुपारच्या छत्तीस अंशांत मीच सव्वा कमी सांगत होतो. गेले दोन आठवडे या घरात जी रडारड, जो हिशोब, जी भीती झाली, ती माझ्यामुळे. आणि ज्या तोडणीने पीक वाचले, ती आप्पांच्या चुकीमुळे झाली. एकाने खोटे सांगितले, दुसऱ्याने खोटे मानले, आणि मधल्या मध्ये द्राक्षे वाचली.

दुपारी एकला आप्पांनी पाहुणे जमवले. ऊन पुन्हा कडक पडले होते. गोदूबाईंच्या देखत त्यांनी अढीतला एक घड अंगणात आणून थेंब टाकला. मी सांगितले, एकवीस.

जमलेले सगळे आप्पांकडे बघू लागले.

“बघितलात?” आप्पा म्हणाले. “अढीतून काढला की उतरतो.”

राजश्री मात्र हलली नाही. सकाळी बावीस, दुपारी एकवीस, द्राक्ष तेच. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाबा सकाळी आठला बघायचे. ऊन चढायच्या आत.” हे ती कुणालाच म्हणाली नव्हती. पण मी ऐकले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटले की माझा तो कागद कुणीतरी वाचला.

चारला नम्रताताई टेंपो घेऊन आल्या. त्यांच्याकडे डिजिटल यंत्र होते. त्यांनी आठही क्रेटमधला रस बघितला. बावीस पूर्णांक एक. माझा अपमान झाला, पण मी तो आनंदाने सोसला.

“वा! पावसाआधी काढलीत, वाचलात,” नम्रताताई म्हणाल्या.

“काढली तेव्हा वीस होती,” आप्पा म्हणाले. “आमची द्राक्षं अढीत पिकतात.”

नम्रताताईंनी तोंड उघडले. त्यांचे या विषयात शिक्षण झालेले आहे. पण राजश्रीने त्यांच्याकडे पाहिले. तिने तो एक शब्द ऐकला होता. तीन वर्षे ती ‘तुझी द्राक्षं’ होती. आज पहिल्यांदा ‘आमची’ झाली होती.

“हो ताई,” राजश्री म्हणाली, “अढीचाच गुण.”

नम्रताताईंनी तोंड मिटले. मग म्हणाल्या, “असेल. कोकणात काहीही होतं.”

मांडवाच्या टोकाला दोन घड तोडायचे राहून गेले होते. शनिवारी सकाळी आठला, हेल्मेट न घालता, राजश्रीने त्यांचा रस बघितला. द्राक्षे फुगून तडकली होती, मुंग्यांची रांग लागली होती. साडेसतरा. तिने ते घड तसेच आप्पांच्या पुढ्यात ठेवले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. आप्पांना वाटले, हा अढीला नमस्कार आहे.

पाडवा आला आणि गेला. मांडव उभा आहे.

दसऱ्याला नम्रताताईंनी पहिली बाटली पाठवली. आप्पांनी ती उजेडाकडे धरली, हलवली, हुंगली आणि म्हणाले, “चौदा आणे.” ती बाटली त्यांनी नव्या पेंढ्यात, अढीत ठेवली आहे. रोज सकाळी पेंढा बाजूला करून बघतात.

आता जानेवारी चालू आहे. घड पुन्हा लागले आहेत. राजश्री मला आठला काढते, काच धुते, फडक्याने टिपते, खिशात ठेवते. मला सुखात असायला हरकत नव्हती. पण परवा आप्पा गोदूबाईंना सांगत होते, “औंदा साखर पंधरा झाली की उतरवतो. बाकीचा सगळा अढीत. पावसाची कटकट नको.” तेव्हापासून माझ्यातली रेघ स्थिर राहत नाही. राजश्री खरे सांगेल तर ‘आमची’ पुन्हा ‘तुझी’ होतील, आणि गप्प राहील तर मार्चमध्ये आठ क्रेट कच्ची द्राक्षे पेंढ्यात झोपतील.

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तू जपून वापरा. त्यांना धुवा, पुसा, त्यांचा कागद सांभाळा, आणि त्यांनी सांगितलेला आकडा मानण्याआधी त्यांना किती उकडते आहे ते विचारा. तुम्ही एवढे कराल अशी मला आशा आहे. पण तुमच्यावरच अवलंबून राहणे बरे नाही, म्हणून मी अर्जही केला आहे, तो असा.

प्रति, माननीय संबंधित अधिकारी, हवामान, जिथे असतील तिथे.

विषय: रत्नागिरी जिल्ह्याचे तापमान वीस अंशांवर स्थिर ठेवण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की जिल्ह्याचे तापमान येत्या एक मार्चपासून कायमस्वरूपी वीस अंश ठेवण्यात यावे. संपूर्ण जिल्ह्यात शक्य नसल्यास लांजा तालुक्यापुरते ठेवावे. तेही शक्य नसल्यास आमच्या मांडवापुरते, दुपारी एक ते सव्वा या वेळेत ठेवावे. तसेच द्राक्षास तोडणीनंतर, अढीत, एका वर्षापुरती विशेष बाब म्हणून पिकण्याची परवानगी देण्यात यावी. दोन्हींपैकी काहीच मंजूर होत नसल्यास या अर्जाची प्रत कृपया आप्पांना पाठवण्यात येऊ नये.